शालूच्या शेजारच्या सीटवरून

२३ ऑक्टोबर, प्रताप नगर
धम्मचक्र दिनाचे पाहुणे आज गेले. घरभर चटया, पाण्याच्या बाटल्या, कुणाची तरी एकच चप्पल. दरवर्षीप्रमाणे गावाकडची सगळी मंडळी दीक्षाभूमीला वंदन करून आमच्याकडेच मुक्कामाला होती. निघताना मामींनी विचारलं, "आता तुमी गाडीनं देश पाहाले चालले म्हनते? चालवन कोन?" शालूनं सरळ सांगितलं, "मीच." मामींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चटया गुंडाळायला आत गेलो.

बुटीबोरीच्या मिलमध्ये मेंटेनन्सला होतो तेव्हापासून मनात होतं, रिटायर झालो की स्वतः गाडी हाकत हिमालयापर्यंत जायचं. गाडी घेतली, आणि होळीनंतर मला फिट आली. डॉ. म्हणाले, वर्षभर स्टीअरिंगला हात लावायचा नाही. मी घरात तोंड फुगवून बसलो, तेवढ्यात शा.नं ड्रायव्हिंगच्या क्लासला नाव घातलं. वय अठ्ठावन्न. बायकोला मी काय समजत होतो कोण जाणे.

२४ ऑक्टो., पचमढी
सावनेरपर्यंत माझं तोंड चालूच. गिअर बदल, हॉर्न दे, ट्रक बघ. सावनेरला तिनं गाडी बाजूला घेतली.
"तुमी पाय काहून दाबून राहिले जी? ब्रेक माह्याकडं हाय."
पुढे गप्प बसलो. बरंच झालं, बाहेर बघायला मिळालं. तामियाला थांबलो. खाली दरीभर जंगल, पलीकडे डोंगरामागे डोंगर, शेवटचा डोंगर की ढग ते कळेना. नागपूरहून सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला इथे. आणि मी जन्मात कधी आलो नव्हतो. शिफ्ट, ओव्हरटाइम, लेकीची, मयुरीची शाळा… असो. आता आलो.

२७ ऑक्टो., सांची
स्तूपासमोर शा.नं डोळे मिटून त्रिशरण म्हटलं. मी तोरणांवरचे हत्ती बघत बसलो. दगडाला दगड लाकडासारखा बसवलाय, काय फिटिंग आहे. हात लावायची फार इच्छा झाली, लावला नाही.
दवाखान्यात डोळे उघडले तेव्हा जीभ चावून सुजलेली, शा.चा चेहरा पांढरा. त्यानंतर हे सगळं बघायला मिळतंय. कुणाचे आभार मानावेत कळत नाही, म्हणून आज चहा मीच करून दिला तिला. साखर जास्त झाली म्हणाली.

३० ऑक्टो., ग्वाल्हेर
किल्ला छान, पण लक्षात राहील ती बाजारातली गल्ली. रस्ता चुकून आत शिरलो. समोरून टेम्पो, मागे गाई. लोक जमले, जो तो सल्ला देतोय. मी घामाघूम. शा. शांतपणे रिव्हर्सनं सगळी गल्ली मागे आली. म्हणाली, "मी नागपूरच्या महाल भागात गाडी शिकली. तिथली गल्ली याच्याहून बारीक हाय."
मला हसू आलं आणि अभिमानही वाटला. तिला अजून सांगितलेलं नाही.

१ नोव्हें., हल्द्वानी
बरेलीच्या पुढे रस्ता सरळ, मोकळा, दोन्हीकडे ऊस. राहवलं नाही. म्हटलं, "पाच मिनिटं दे ना मले. कोनाले सांगू नको."
"फिट काय फोन करून येते?"
संध्याकाळी मयुरीचा पुण्याहून फोन. "बाबा, तुम्ही चालवत नाही ना?" नाही म्हणालो. खरंच होतं, पण राग आला. माझ्याच गाडीत मी सामानासारखा.

३ नोव्हें., चौकोडी
अल्मोडा, बागेश्वर करत आलो. देवदार पहिल्यांदा जवळून पाहिले. एका वळणावर अचानक बर्फ, आकाशात टांगल्यासारखा. शा.नं गाडी थांबवली आणि रडली. मीही.

५ नोव्हें., मुनस्यारी
आज लिहिताना लाज वाटते.
बिर्थीचा धबधबा बघून कालामुनीची खिंड चढलो. चढ तिनं उत्तम काढला. वरून मुनस्यारीपर्यंत उतारच उतार. मी म्हटलं, "न्यूट्रल कर. पेट्रोल वाचते." नागपुरात आम्ही सगळे हेच करतो. उड्डाणपुलावर चढलं की गिअर काढायचा आणि गाडी सोडून द्यायची. मीच तिला शिकवलेलं. सपाट गावचा माणूस, उतार म्हणजे उड्डाणपुलाचा, एवढंच माझ्या डोक्यात.
तिनं ऐकलं. वळणामागून वळण, नुसत्या ब्रेकवर. आधी जळका वास आला. मग ती हळूच म्हणाली, "अहो, पाय खाली चालला. लागून नाही राहिला." डावीकडे डोंगर, उजवीकडे काहीच नाही.
तिनं गिअर टाकला, गाडी ओरडली, मग हँडब्रेक ओढत ओढत डोंगराच्या कुशीला घासून उभी केली. मी उतरून चाकांना दगड लावले. चाकांतून धूर. सगळा जन्म मशिनींत काढलेला माणूस मी.
ब्रेक गार झाल्यावर उरलेला घाट तिनं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये उतरवला. खोलीवर आल्यावर मी तिचे हात धरून बसलो. माझं चुकलं म्हणालो. "हो," म्हणाली.

६ नोव्हें., मुनस्यारी
मेकॅनिकनं ब्रेक बघितले, ठीक केले. समोर पंचाचुली, पाचही शिखरं लख्ख. संध्याकाळी गुलाबी झाली. शा.नं खिडकीकडे पाठ केली होती. जेवली नाही नीट.

७ नोव्हें., मुनस्यारी
आज निघायचं होतं. परतीचा रस्ता तोच. कालामुनी चढून पलीकडे बिर्थीपर्यंत उतार, परवाच्याहून कितीतरी लांब.
अंगणात शा.नं किल्ली माझ्यापुढे धरली. "घ्या. आता तुमीच चालवा. मले नाही होत."
घेतली. आत जाऊन बसलो. स्टीअरिंग हाताला लागलं आणि खरं सांगतो, किती बरं वाटलं. इतक्या महिन्यांत काही झालेलं नाही. घाट उतरायला असा किती वेळ लागतो.
ती येऊन डावीकडे बसली. पट्टा लावला. पाय खाली दाबून धरलेला, मी धरायचो तसा.
फिट आली तर मला काहीच कळणार नाही. कळेल ते तिला. कड्यावर, हातात काही नसताना.
उतरलो. किल्ली तिच्या मांडीवर ठेवली. "मी नाही चालवत."
"मंग कोन चालवन?"
"तू. नाहीतर गावातला ड्रायव्हर पाहू. घाबरत असशील तर राहू चार दिवस."
"आन् तुमी काय करान?"
"बाजूला बसून राहीन. बोलनार नाही."
ती हसली नाही. नाहीही म्हणाली नाही. अजून गाडीतच बसली आहे, डावीकडच्या सीटवर, किल्ली मुठीत. मी पायरीवर बसून हे लिहितोय. ऊन चांगलं पडलंय.