लस दिल्यावर आवाज नको

१७ नोव्हेंबर
पिल्लांना गंबोरोची लस दिली. आधी पाणी बंद ठेवलं, तहानल्यावर लशीचं पाणी सोडलं. त्यात घालायची दूध पावडर ह्यांनीच आणून ठेवलेली. पिल्लांचा हा लॉटही ह्यांनीच उतरवून घेतला. आणि गुरुवारी संकेश्वरच्या रस्त्यावर — हार्ट अटॅक.

कंपनीचे सुपरवायझर राजकुमार सांगून गेले, "आक्का, तीन-चार दिवस गडबड नको. लशीनं अंगात लढाई चालू हुतीया. भ्याली की ताकद भ्यायातच जातीया, लस फुकट." पलीकडच्या शेडात गंबोरोनं निम्मा लॉट गेलाय.

१८ नोव्हेंबर
ह्यांच्या उचगावच्या जयाआत्या आल्या. फाटकापासूनच गळा काढला. "भीमरत्ना रंऽ, आत्तीला टाकून गेलास रंऽ!"

शेड घराला लागूनच. पिल्लं भिऊन एका कोपऱ्यात, एकावर एक! धावत जाऊन हातानं पांगवली. तळातली काही गुदमरून मेली.

बाहेर येऊन म्हटलं, आत्या, इथं मोठ्यानं रडू नका.

"कोंबड्या मान्सापरास मोठ्या झाल्या व्हय गं? तुझ्या डोळ्याला तर पानीबी न्हाय!"

मेलेली पिल्लं उचलायला परत आत गेले.

१९ नोव्हेंबर
पिल्लं मलूल. पिसं फुगवून बसलीत. पाण्यात व्हिटॅमिन घातलं.

२० नोव्हेंबर
खायला लागली. आत्या शेडच्या दारात उभ्या होत्या. "ही समदी त्यानं उतरवून घेतल्याली?" — व्हय म्हटलं. मग शेडचं दार आवाज न करता लोटून घेतलं.

२२ नोव्हेंबर
आत्या आता फाटकाशी खुर्ची टाकून बसतात. भेटायला येणाऱ्यांना आधीच दटावतात, "रडायचं आसंल तर तिकडं लिंबाखाली. तेबी पदर तोंडात धरून!" नागोजीमामांना हुंदका आला. त्यांनाही लिंबाखाली पाठवलं! "मला कुठला पदर, आक्का?" म्हणाले. "मग टॉवेल धरा."

हसू आलं. गुरुवारनंतर पहिल्यांदा.

२४ नोव्हेंबर
मानमोडीची लस दिली, दुसऱ्यांदा; पहिली ह्यांच्या हातची. उद्या ह्यांचं पुण्यानुमोदन. घरी नको म्हटलं, विहारात करू. घरी केलं तर मांडव, स्पीकर आलाच. लोक नावं ठेवतील. आत्या म्हणाल्या, "ठेवू देत."

२५ नोव्हेंबर
विहारात सगळे रडले. मी नाही. पिल्लांना लशीनं शिंका सुरू झाल्यात, लवकर परत यायचं होतं. मागं शेजारची शालूबाई कुणाला तरी म्हणाली, "दगडाची हाय." ऐकू आलं.

१ डिसेंबर
शिंका थांबल्या. मर नाही. लस लागू पडली म्हणाले राजकुमार.

९ डिसेंबर
वजन चांगलं आहे. शनिवारी कोंबड्या न्यायला गाडी येणार.

१३ डिसेंबर
गाडी भरून गेली. शेड रिकामं. खाली अंथरलेल्या तुसावर नुसती पिसं.

आत्या म्हणाल्या, "आता भ्यायला कोन न्हाय. रड, पोरी."

आत जाऊन दार लावलं. एवढा आवाज माझ्यात होता!