लाल शाईची वाटणी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, इंग्रजी पुस्तकांचा निवृत्त मुद्रितशोधक, असे लिहून ठेवतो की आज मी पूर्ण शुद्धीत आहे. शुद्धलेखनातही आहे. मला कोणी धमकावलेले नाही, कोणी फूस लावलेली नाही. माझ्यावर दडपण आणू शकेल अशी एकच व्यक्ती होती, ती माझी पत्नी, आणि ती सतरा वर्षांपूर्वी गेली. याआधी केलेली सर्व मृत्युपत्रे मी रद्द करतो. ती पहिल्या वाक्यातच अडली होती, त्यामुळे रद्द करण्यासारखे फारसे काही नाही.

कलम १. हा कागद मराठीत का, याचा खुलासा. चाळीस वर्षे दुसऱ्यांचे इंग्रजी तपासून पोट भरले, तेव्हा शेवटचा कागदही इंग्रजीतच असावा अशी माझी हौस. वकीलबाईंनी मसुदा करून आणला. त्यात मृत्युपत्र अमलात आणणाऱ्या व्यवस्थापकाबद्दल लिहिले होते की ‘दे’, म्हणजे अनेकवचनी ‘ते’, योग्य वाटेल तसे करतील.

मी विचारले, “व्यवस्थापक किती?”

“एक.”

“मग ‘दे’ कसं? एकाला ‘ही’ म्हणा, नाहीतर ‘शी’ म्हणा.”

“बाई की पुरुष ते तुम्ही अजून ठरवलंच नाही ना, काका. हल्ली सगळे असंच लिहितात.”

हल्ली सगळे! हल्ली सगळे जेवताना फोनही बघतात. मी मसुदा लाल करून परत दिला. दुसऱ्या मसुद्यात ‘अँड’च्या आधी स्वल्पविराम. तिसऱ्यात ‘टू’ आणि क्रियापद यांच्यामध्ये एक क्रियाविशेषण येऊन बसलेले, नवराबायकोच्या मध्ये पाहुण्याने बसावे तसे. चौथ्या खेपेला बाईंनी पिशवी उचलली. “काका, माझं डोकं खाऊ नका. मराठीत लिहा, स्वतःच्या हातानं लिहा आणि मेहेरबानी करून लवकर लिहा.” म्हणून हे.

कलम २. राहते घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर व मागची गॅलरी, आतील सामानासह, माझ्या पश्चात माझ्या मुलीला मिळावे. अट कोणतीही नाही. ती घेईल का, हे मात्र मला ठाऊक नाही, आणि हा सगळा खटाटोप खरे तर तेवढ्यासाठी चालला आहे.

मुलगी शिकायला बाहेर गेली तेव्हा मी नियम घातला की घरी पत्र लिहायचे ते इंग्रजीतच. तेवढाच सराव. प्रत्येक पत्र मी तपासून उलट टपाली पाठवत असे, खाली गुण घालून. पत्नी म्हणायची, “अहो, पोरगी काय लिहिते ते वाचा, कसं लिहिते ते काय वाचता?” मी म्हणायचो, कसे लिहिले तेच तर वाचतात. पत्नी म्हणायची, “तुमच्याशी भांडायचं तरी आधी व्याकरण शिकावं लागतं.”

पत्नी गेल्यावर महिन्याभराने मुलीचे चार पानी पत्र आले. मी पेन उघडले. एकतीस खुणा केल्या. तीन वाक्ये ‘बट’ने सुरू झाली होती, ती जोडली. शेवटचे वाक्य होते की आई गेली, आता मला बोलायला कोणी उरले नाही, ‘नो वन टू टॉक टू’. त्यातल्या शेवटच्या ‘टू’ला मी गोल केला आणि समासात लिहिले: वाक्याच्या शेवटी हे अव्यय येत नाही. दहापैकी सात गुण दिले. आईचे दुःख म्हणून एक वाढवूनसुद्धा दिला होता.

त्यानंतर पत्र नाही. सतरा वर्षे झाली.

नंतर मी मोठमोठे कोश काढून बसलो. तेव्हा कळले की असा नियमच मुळी नाही म्हणणारे जाणकार ढिगाने आहेत, आणि चांगले चांगले लेखक खुशाल तसे लिहितात. मला हा नियम शाळेतल्या मास्तरांनी पट्टी मारून शिकवला होता. त्यांना कोणी शिकवला, देव जाणे. मराठीत तर ही अव्यये जन्मजात शब्दाच्या मागे बसतात, कोणाची कधी तक्रार नाही. पण समजा, नियम अगदी दगडावरची रेघ असता, तरी त्या दिवशी तो पाळायचा नव्हता. माझे चुकले. हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा लिहीत आहे, त्यामुळे नीट वाचावे.

कलम ३. लाल पेने चौदा, पैकी चालू पाच, टेबलावरचा दिवा, भिंग आणि सर्व कोश कॉमाकाकाला द्यावेत. कॉमाकाका म्हणजे माझ्या समोरच्या टेबलावरचा मुद्रितशोधक. हे नाव माझ्या मुलीने लहानपणी ठेवले, कारण तो ‘अँड’च्या आधी स्वल्पविराम घालतो. तो घालायचा, मी काढायचो, तो पुन्हा घालायचा. एका स्वयंपाकाच्या पुस्तकात हा स्वल्पविराम एका पानावर आहे, दुसऱ्यावर नाही, त्याला आम्ही दोघेही जबाबदार. त्याने निवृत्तीच्या भाषणात माझ्यावर टोमणा मारला, म्हणून नऊ वर्षे मी त्याच्याशी बोललो नाही. पेने त्याला देतो ती मैत्रीखातर नव्हे, त्याची स्वतःची पेने नेहमी वाळलेली असतात म्हणून.

गेल्या महिन्यात मला त्याच्या दारात जावे लागले. वकीलबाई म्हणाल्या, मुलीचा पत्ता कागदात हवा. तिला ओळखणारा दुसरा कोणी मला ठाऊक नव्हता. बापाकडे मुलीचा पत्ता नाही, हे सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. कॉमाकाकाने आत जाऊन वही आणली आणि मुकाट्याने पत्ता उतरून दिला. म्हणजे हा गडी इतकी वर्षे तिच्याशी पत्रव्यवहार ठेवून होता!

“तू तिची पत्रं तपासतोस?” मी विचारले.

“मी उत्तरं देतो,” तो म्हणाला.

मग विषय बदलायचा म्हणून मी ‘दे’चे गाऱ्हाणे काढले. त्याने चहा खाली ठेवला. “तुझे सासरे घरी आले की तू काय म्हणायचास?”

“ते आले, असं.”

“किती सासरे होते रे तुला?”

“तो मान आहे. ते वेगळं.”

“मग इंग्रजीनं एकट्या माणसाला जरा मान दिला, तर तुझ्या पोटात का दुखतं?”

  त्याला व्यवस्थापक नेमतो, आणि त्या नात्याने ‘ते’ योग्य वाटेल तसे करतील.

कलम ४. आमचे माजी संपादक यांना मी पुठ्ठ्याची एक फाईल ठेवतो. तीत ‘व्हिच’ कुठे आणि ‘दॅट’ कुठे, यावर मी त्यांना लिहिलेल्या दोनशे सहा चिठ्ठ्यांच्या प्रती आहेत. त्यांनी एकाही चिठ्ठीला उत्तर दिले नाही. आता सवड काढून द्यावे.

कलम ५. मुलीला मी पत्र लिहायला बसलो. इंग्रजीत अकरा कागद फाडले. ‘माझी इच्छा आहे’ला ‘शुड’ की ‘वुड’, इथपासून अडलो. बाराव्या कागदावर मराठीत लिहिले: “घर तुझ्या नावावर करतो आहे. तू आलीस तर मला फार बरं वाटेल. बाबा.” परत वाचले नाही. वाचले असते तर फाडले असते. कॉमाकाकाने ते पेटीत टाकले, मला हात लावू दिला नाही.

इथे कागद पाच दिवस तसाच पडून होता.

कलम ६. आज सकाळी फोनवर उत्तर आले. ती मराठी शाळेत कधी गेलीच नाही, मीच जाऊ दिले नाही. उत्तर असे:

“बाबा मि रवीवारी येते घराच नंतर बघू”

कॉमाकाकाने चष्मा वर करून वाचले. “ऱ्हस्वदीर्घ दोन चुकले, अनुस्वार एक गेला, विरामचिन्ह नावालाही नाही.” हे तो बोलतो! ज्याने आयुष्यभर नको तिथे स्वल्पविराम पेरले!

मी सात वेळा वाचले. मला एकही चूक सापडली नाही. सदर मजकूर या मृत्युपत्राचा भाग समजावा व तो जसाच्या तसा ठेवावा. त्याला पेन लावणाऱ्याचा माझ्या मिळकतीवरील हक्क तात्काळ संपेल, मग ते कॉमाकाका असोत वा कोणी.

वकीलबाई म्हणतात, घाई नको, सही सोमवारी कचेरीत येऊन करा, मुलीलाही आणा. सोमवारचे सोमवारी बघू, सही मी आजच करतो. उद्या मला वेळ नाही.

सही: मृत्युपत्र करणार

साक्षीदार १: खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई (करणाऱ्याची तब्येत पाहिली. नाडी जरा जोरात, बाकी उत्तम.)

साक्षीदार २: समोरचा शिंपी (वाचले नाही. सही समोर झाली.)

ठिकाण: राहते घर, जेवणाचे टेबल

वार: शनिवार, दुपार. केर काढायचा राहिला आहे.