मित्रासाठी धरलेली खाट

तीर्थस्वरूप दादांस,

धाकट्या मावसभावाचा वाकून नमस्कार. (वाकून असं लिहिलंय खरं, पण परवा एका सबमर्सिबल पंपाशी झटापट झाली तेव्हापासून कंबर धरली आहे, तेव्हा मनाने वाकलो असं समजावं.) इकडे सगळं ठीक. वर्कशॉप चालू आहे, हिचे गुडघे कुरकुरतात पण हिच्याइतके नाही, आणि तुमच्या मावशीला तुम्ही पाठवलेली नवी कवळी अजून बसलेली नाही. भाच्याच्या हातची आहे म्हणून ती कवळीला नावं ठेवत नाही, स्वतःच्या हिरड्यांना बोल लावते आणि भात कुस्करून खाते. तुमची तब्येत कशी आहे? वहिनी कशा आहेत? लेकीचा अभ्यास? आणि मुख्य म्हणजे, तुमचा तो मित्र कसा आहे?

मित्राचं काम मी लगेच हाती घेतलं, पण अहवाल द्यायला बारा दिवस लागले, त्याची कारणं पुढे येतीलच. आधी काम नीट समजलंय ना ते बघा. तुम्ही फोनवर म्हणालात की तुमचा तो अगदी जवळचा मित्र, आठ महिने ज्याचं सांगताय तो, थोडी जास्त घेतो, डोळे पिवळे झालेत, आणि डॉक्टरांनी सांगितलंय की आता थांबला नाही तर पुढच्या वर्षी तपासायला यायची गरज राहणार नाही. तर त्याच्यासाठी एखादं व्यसनमुक्ती केंद्र बघ, जवळचं बघ. मी म्हटलं, तुमच्या गावातच असेल की. त्यावर तुम्ही म्हणालात, जवळचं म्हणजे त्याच्या जवळचं नको, तुझ्या जवळचं. नाव विचारलं तर नावाशी काय करायचंय म्हणालात. धंदा आठ महिन्यांपूर्वीच विचारला होता, तेव्हा जरा थांबून म्हणाला होतात, कवळ्या करतो. (तुमच्या त्या एवढ्याशा गावात कवळ्या करणारे दोघं आहेत हे मला त्या दिवशी कळलं. धंद्यात चढाओढ असूनही इतकी मैत्री, हे खरोखर कौतुकाचं.)

आता दादा, तुम्हाला माहीत आहे, मी सातवीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही. पंपाला कान लावायचा आणि बेअरिंग गेलंय की वाइंडिंग जळतंय ते सांगायचं, एवढ्या एका विद्येवर हे वर्कशॉप उभं राहिलं. त्यामुळे फोनवर मित्राची हकीगत ऐकताना मला जे ऐकू यायचं ते आलं. म्हणूनच फोन न करता पत्र लिहितोय. कागदाला कान नसतात आणि जीभही नसते, दोघांचीही सोय.

सुरुवात मोबाइलपासून केली. ‘जवळचं व्यसनमुक्ती केंद्र’ असं बोलून शोधलं, तर पहिलाच पत्ता आमच्या कोपऱ्यावरच्या बारचा आला. अंतर दोनशे पावलं, लोकांचे अभिप्राय उत्तम. त्याच्याखाली एक मदतीचा क्रमांक होता, तो लावला. एका मुलीने इतक्या मायेने ‘बोला’ म्हटलं की मला उगाचच रडू येईल असं वाटलं. मी म्हटलं, माझ्या भावाच्या मित्रासाठी चौकशी करायची आहे. ती म्हणाली, ‘हो, कळलं. तुम्ही आत्ता एकटे आहात का?’ मी म्हटलं, नाही, पंप आहेत. त्यावर तिने मला दीर्घ श्वास घ्यायला लावले आणि फोन ठेवू नका, ठेवू नका असं सांगत वीस मिनिटं धरून ठेवलं. समोर एक गिऱ्हाईक मोटर खांद्यावर घेऊन उभं होतं, तेही माझ्याबरोबर श्वास घेत होतं. शेवटी कळलं की ही मुलगी बसते तिथून आमचं गाव एका दिवसाच्या प्रवासावर आहे, आणि तिला ‘जवळ’ म्हणून जे माहीत आहे ते तिच्या जवळचं.

म्हणून मग पायी निघालो. पहिलं केंद्र टायरच्या दुकानाच्या वर होतं. पाटी एवढी मोठी की जिन्यात अंधार. टेबलामागचे गृहस्थ स्वतःला वैद्य म्हणवत होते. त्यांनी एक पुडी पुढे सरकवली. चहात घालायची, पेशंटला कळणारही नाही, एकवीस दिवसांत दारूचा वास आला तरी उलटी होईल. मी विचारलं, पुडीत काय आहे? ते म्हणाले, ‘ते सांगितलं तर गुण जातो.’ बोलताना ते तोंडात लवंग चघळत होते. (लवंग का चघळतात हे मला चांगलं माहीत आहे. तुमचा मित्रही चघळत असेल.) एवढ्यात पडद्याआड काचेला काच लागल्याचा बारीक आवाज झाला, आणि वैद्यबुवा एकदम मोठ्याने खोकले. मी उठलो. पंप दुरुस्त करणाऱ्याच्या घरचा नळ गळत असला तर मी समजू शकतो, माझाही गळतो. पण निदान गिऱ्हाइकासमोर तरी गळू नये.

दुसरं केंद्र गावाबाहेर. हिरवळ, कारंजं, मऊ बोलणारे व्यवस्थापक. पेशंट हा शब्द तिथे चालत नाही, ‘पाहुणे’ म्हणायचं. पोहायचा तलाव आहे, मालिश आहे, खोलीतून डोंगर दिसतो. मीच दोन दिवस राहावं असं वाटायला लागलं होतं. मग व्यवस्थापक अभिमानाने म्हणाले, ‘आमचे पाहुणे आम्हाला विसरत नाहीत. दरवर्षी येतात. काही जण तर वर्षातून चारदा.’ दादा, माझ्या वर्कशॉपमधून एकच पंप वर्षातून चारदा परत आला असता तर मी केव्हाच शटर ओढून घरी बसलो असतो. आणि हे गृहस्थ ते पत्रकावर छापतात. कारंज्याच्या मोटरचं बेअरिंग जात आलंय, एवढं त्यांना जाता जाता सांगितलं. त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही.

तिसऱ्या जागेचं नाव मला आमच्या हिच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. सरकारी दवाखान्याच्या मागच्या अंगाला, धोबीखान्याला लागून, चौदा नंबरची खोली. पाटी नाही. नवखा माणूस चादरींच्या ढिगातून वाट काढत आत शिरतो. तिथे एक थोराड सिस्टर बसतात. मी माझं वाक्य म्हटलं: भावाच्या मित्रासाठी चौकशी करायची आहे. त्यांनी मान वर न करता म्हटलं, ‘मित्रासाठी म्हणणारे रोज येतात. भावाच्या मित्रासाठी म्हणणारे तुम्ही पहिलेच. बऱ्याच वर्षांचं दिसतंय.’ आणि माझा रक्तदाब घेतला. मी समजावायला गेलो तर म्हणाल्या, चौकशीच्या वहीत सही केली ना, मग आमच्याकडे रीत आहे, सही करणाऱ्याने एकदा मंडळात बसायचं. मग बोलू.

मंडळ म्हणजे पलीकडच्या खोलीत गोल मांडलेल्या नऊ खुर्च्या. मंडळ चालवणारा माणूस पूर्वी बस चालवायचा, त्याला सगळे ड्रायव्हरच म्हणतात. नऊ वर्षं झाली, एक थेंब नाही, तरी दर आठवड्याला येतो. बरे झालात का असं मी विचारलं तर म्हणाला, ‘झालो की कळवतो.’ मग त्याने मला विचारलं, कधीपासून? मी म्हटलं, मी पीत नाही. सगळ्यांनी अत्यंत प्रेमाने माना डोलावल्या. शेजारी एक निवृत्त मास्तर होते, ते माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, ‘मीही पहिले दोन महिने पीत नव्हतो.’ मी पुन्हा म्हटलं, भावाच्या मित्रासाठी आलोय. आता मात्र समोरच्या शिंपीणबाईंना (खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या, अकरा वर्षं) हसू आवरेना. तोंडावर पदर घेऊन हसत होत्या, आणि त्या हसल्या म्हणून बाकीचेही. अपमान वाटावा असं ते हसणं नव्हतं. लग्नघरात उशिरा आलेल्या पाहुण्याला हसतात तसं.

दादा, अशा वेळी माणूस काय करणार? खरं सांगून कुणी विश्वास ठेवत नव्हतं. तेव्हा म्हटलं, चला, तुमच्या मित्राची हकीगत आपलीच म्हणून सांगून टाकू, म्हणजे सुटका होईल. आणि सांगायला लागलो. म्हटलं, मी कवळ्या करतो. सकाळी हात इतका थरथरतो की मेणात दात बसवता येत नाहीत, म्हणून हात स्थिर व्हावा एवढ्यासाठी पहिला घोट घेतो. हात स्थिर झाला की दुसरा घेतो, कारण आता कामाला सुरुवात झाली. बाटली कामाच्या खोलीत जबड्यांच्या साच्यांमागे असते, तिच्यावर ‘साचे धुण्याचं पाणी’ अशी चिठ्ठी. परवा एका म्हाताऱ्याला मी पूर्ण कवळी दिली ती दोन्ही वरचीच. तो बिचारा आठ दिवस खालच्या हिरडीवर वरचे दात घालून हसत फिरला. डोळे पिवळे झाले म्हणून घरातही काळा चष्मा लावतो, आणि ऊन लागतं म्हणून सांगतो.

हे सगळं मला कसं माहीत, असं तुमच्या मनात येईल. तुमच्याकडेच ऐकलं, दादा. तुम्ही एकेका फोनवर मित्राचं एकेक सांगत आलात, आठ महिने. मी फक्त जोडून सांगितलं. आणि गंमत बघा, ‘तो’ काढून ‘मी’ घातल्यावर गोष्ट ऐकायला फारच वेगळी लागली. फोनवर ऐकताना मला हसू यायचं. तिथे आलं नाही.

शिंपीणबाईंनी विचारलं, ‘घरात कुणाला माहीत आहे?’ मी तुमच्या मित्राच्या वतीने ठामपणे म्हटलं, कुणालाच नाही. त्या म्हणाल्या, ‘अगं बाई, म्हणजे सगळ्यांनाच.’ मग ड्रायव्हरने विचारलं, तुमच्यासाठी खोटं कोण बोलतं? मी म्हटलं, मावसभाऊ. एकदा बायकोचा फोन आला तेव्हा त्याने सांगितलं होतं की दादा माझ्याकडे आहेत, पंप बघायला आलेत. कवळ्या करणारा पंप कशाला बघेल, असं तिने विचारलं नाही. ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. ड्रायव्हर म्हणाला, ‘त्या मावसभावालाही एकदा घेऊन या.’ मी घेऊन येतो म्हटलं. (पुढच्या मंडळालाही मी गेलो. वरच्या पंख्याचं बेअरिंग ओरडत होतं, ते बदलायचं निमित्त होतं. कारंजेवाल्यांनी मनाला लावून घेतलं नव्हतं, इथे लगेच शिडी आणून दिली.)

आता कामाचं. सिस्टरना अखेर पटलं की पेशंट मी नव्हे. डोळ्यांची पापणी खाली ओढून बघितल्यावर पटलं. त्यांनी बजावून सांगितलंय, ते मित्राला शब्दशः सांगा: शौर्य दाखवून घरच्या घरी एकदम बंद करायचं नाही. इतक्या वर्षांची सवय एकदम तोडली तर फिट येतात, भ्रम होतो, जिवावर बेततं. पहिले आठ-दहा दिवस वॉर्डात, औषधाखाली, डॉक्टरांच्या नजरेसमोर. यकृताच्या तपासण्या तिथेच. मग मंडळ, दर आठवड्याला. किती दिवसांत गुण येईल असं मी विचारलं, तर त्या म्हणाल्या की दिवस सांगणारे टायरच्या दुकानाच्या वर बसतात. हवापालटाची जागा नाही, डोंगर दिसत नाही, धुतलेल्या चादरी दिसतात. पण मी सोळा वर्षांचा असल्यापासून यंत्रं ऐकतोय, दादा. ती खोली नीट चालते आहे.

गुरुवारी दुपारी एक खाट रिकामी होते. सिस्टर ती चार वाजेपर्यंत धरतील. त्यांची अट एकच: माणूस आपल्या पायांनी आला पाहिजे, नातेवाइकांनी गाडीत कोंबून आणलेला नको. त्यामुळे मी न्यायला येणार नाही. सकाळची बस साडेअकराला इथे पोचते. मी थांब्यावर असेन. मित्राला मी ओळखत नाही, पण काळा चष्मा लावलेला माणूस उतरला की त्याच्या हातची पिशवी घेईन, नाव विचारणार नाही.

वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद. तुमच्या मावशीने तुम्हाला पापे पाठवलेत, कवळी काढून.

आपला,
धाकटा

ता.क. मित्राने तीन जोड कपडे, टॉवेल आणि आधीच्या तपासण्यांचे कागद आणावेत. लवंगा आणू नयेत.

ता.क. २. एक गोष्ट लिहायची राहिली, म्हणजे लिहू की नको असं झालं होतं. तुमचा फोन येण्याच्या दोन दिवस आधी वहिनींचा फोन आला होता. म्हणाल्या, ‘माझ्या एका मैत्रिणीचा नवरा फार पितो, त्याच्यासाठी तुमच्या गावात काही सोय आहे का? पण ह्यांना सांगू नका.’ तुमच्या फोनच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या लेकीचा आला. तिच्या वर्गातल्या एका मुलीचे बाबा. काका, आईला कळू देऊ नका. तिघांनाही मी हो म्हटलं, आणि सिस्टरकडे जाऊन तीन खाटा मागितल्या. त्यांनी वहीतून मान वर केली आणि विचारलं, तिघे कोण? मी सांगायला लागलो. एका मित्राला डोळे पिवळे, मैत्रिणीच्या नवऱ्यालाही डोळे पिवळे, मुलीच्या बाबांनाही डोळे पिवळे. सांगता सांगता थांबलो. त्यांनी दोन ओळी खोडल्या.

ता.क. ३. तेव्हा हे पत्र लपवू नका. जेवायला तिघं बसाल तेव्हा मोठ्याने वाचा. तुम्हाला जमलं नाही तर लेकीला द्या, तिचं वाचन चांगलं आहे. दुसऱ्या ता.क.पर्यंत आलात की पुढचं मला लिहायची गरज नाही, तुमचं तुम्ही बोलाल. गुरुवारच्या बसमध्ये तीन जागा मी सांगून ठेवल्या आहेत. वॉर्डात एकटाच जाईल, पण थांब्यापर्यंत तिघं या.