अण्णांचं नाव

यशवंतपूर, बेंगळूर
गुरुवार, १७ जुलै २०२५

ती. अंबुअक्का,

भव्याचा साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? तेल संपलं असेल तर कळवा, मल्लेश्वरमच्या त्याच दुकानातून आणून पाठवते. संडूरच्या पेठेतला तो वैद्य मला काही पटत नाही. इकडे हवा एकदम गार झाली आहे, जुलैतच स्वेटर काढावे लागले.

नंदकिशोर बरे आहेत. त्यांचं ऑफिस व्हाइटफील्डला हलल्यापासून जाण्यायेण्यातच माणूस अर्धा होतो. तुमची आठवण काढतात.

फोन करावा असं मनात येतं, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मग मध्ये तुमच्या मावसबहिणीला बसवावं लागतं. काही गोष्टी तिसऱ्या तोंडून जाऊ नयेत.

अण्णांना जाऊन पाच आठवडे झाले. यशोवर्धनने तुम्हाला त्या सकाळी मावसबहिणीकरवी फोनवर कळवलं होतं. तुम्ही "बरं" म्हणालात आणि फोन ठेवलात, असं तो म्हणाला. तरी त्याने वडिलांना दुपारी तीनपर्यंत घरात ठेवलं. गुरुजी घाई करत होते. "आत्याची गाडी उशिरा असेल," एवढंच तो म्हणत राहिला. मी तिथेच होते. येलहंक्याच्या घरातल्या त्या छोट्या हॉलमध्ये माणसं उभी होती आणि जो तो दाराकडे बघत होता.

अक्का, हे तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. सख्ख्या भावाच्या दारात चार वर्षं पाऊल न टाकणं तुम्हाला किती जड गेलं असेल, ते मला माहीत आहे. एकतीस वर्षं तुम्ही आपल्या मंडळाच्या मराठी शाळेत शिकवलंत आणि मंडळाचे अध्यक्ष असलेल्या भावानेच ती बंद केली. तुमच्या जागी दुसरं कुणी असतं तरी असंच वागलं असतं.

शोकसभा मंडळातच झाली. गर्दी बघून मला आश्चर्य वाटलं. मार्चमध्ये ज्यांनी अण्णांना "शाळाबुडव्या" म्हटलं, ते सगळे होते. पिराजी तर वीस मिनिटं बोलला. "माणूस कडक, पण सच्चा." मी अध्यक्ष म्हणून दोन मिनिटं शांतता पाळायला सांगितली आणि खाली बसले. दुसरं काही जमलं नाही.

निवडणुकीबद्दल तुम्ही मागच्या पत्रात विचारलं होतं, त्याचं उत्तर राहिलं. अण्णांची नऊ वर्षं संपत होती आणि ते पुन्हा उभे राहणार नव्हते. अध्यक्षपदाला पिराजी आणि मी. दोघांच्याही पत्रकावर अण्णांचं नाव नव्हतं. पिराजी म्हणत होता, मी आलो तर शाळा पुन्हा उघडीन. त्याची स्वतःची दोन्ही मुलं इंग्रजी शाळेत शिकली, पण टाळ्या त्यालाच मिळत होत्या. नंदकिशोर मला म्हणाले, "अण्णांची नऊ वर्षं गळ्यात बांधून घेतलीस तर बुडशील. चांगलं झालं ते मंडळाने केलं म्हण. वाईट झालं ते आता सुधारू म्हण. नाव घेऊच नकोस."

ते चूक होतं असं मला तेव्हा वाटलं नाही. सगळे असंच करतात. जाणाऱ्याचं ओझं येणाऱ्याने का उचलावं?

मी पत्रक अण्णांना दाखवायला गेले. वर "नवी वाट" असं छापलं होतं आणि खाली मुलींच्या हॉस्टेलचा मोठा फोटो. त्यांनी चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्या. म्हणाले, "छान छापलंय. अक्षर स्वल्प मोठं हवं होतं, म्हाताऱ्यांना दिसत नाही." मग मीच चाचरत म्हणाले, "अण्णा, तुमचं नाव..." तर म्हणाले, "नको घेऊ. लोक चिडलेत. तू निवडून ये, हॉस्टेल सांभाळ."

उमेदवारांची सभा झाली. शाळेबद्दल प्रश्न आला. मला जे सांगायचं ते मी सांगितलं आणि बसले. त्रेचाळीस मतांनी निवडून आले.

इतकंच. येत्या रविवारी सर्वसाधारण सभा आहे, तिची तयारी चालली आहे. उरलेलं उद्या लिहिते.


सोमवार, २१ जुलै

अक्का, वरचं लिहून चार दिवस झाले. पत्र घडी घालून ठेवलं होतं. आज सकाळी पुन्हा वाचलं. "मला जे सांगायचं ते मी सांगितलं," असं मी लिहिलंय. ते वाक्य खोडावं असं वाटलं, पण तसंच राहू दे. मी कशी आहे ते तुम्हाला त्यावरून कळेल.

शाळा मी बंद केली.

दोन हजार एकवीसमध्ये मी मंडळाची सेक्रेटरी होते. लॉकडाऊननंतर शाळा उघडली तेव्हा पटावर नऊ मुलं होती, आणि त्यातली चार पुढच्या जूनमध्ये जाणार होती. त्याच महिन्यात भालकीची एक मुलगी मंडळात आली होती, नर्सिंगला प्रवेश मिळालेला आणि राहायला जागा नाही. हर्षिता तिचं नाव. ती जिथे राहत होती तिथे मी गेले. यशवंतपूरच्या बाजारामागे एका खोलीत सात मुली. मोरीला दार नव्हतं, साडी बांधली होती. बीदर, निपाणी, औराद, सगळीकडच्या आपल्याच मुली. मी घरी आले आणि ठराव लिहायला घेतला. शाळा बंद करून त्या खोल्यांत मुलींचं हॉस्टेल करायचं.

अण्णा महिनाभर नाही म्हणत होते. "अंबूचा जीव आहे त्या शाळेत," एवढं एकच कारण सांगायचे. मी त्यांच्याशी भांडले. तुमच्याबद्दल मी काय म्हणाले, तेही सांगते. म्हणाले, "नऊ मुलांसाठी अक्का शिकवत नाहीत, अक्कांसाठी नऊ मुलं येतात." मग मी त्यांना त्या खोलीवर घेऊन गेले. बाहेर आल्यावर ते रस्त्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "सरी, करू बंद. पण ठरावावर माझं एकट्याचं नाव. अंबूला मी सांगतो. तू मध्ये यायचं नाहीस."

मला बरं वाटलं, अक्का. खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं. तुम्ही सामान बांधत होतात तेव्हा मी तुमच्याकडे आले होते, आठवतं? तुमची पुस्तकं खोक्यात भरत होते. तुम्ही अण्णांबद्दल म्हणालात, "रघूने मला एका शब्दाने विचारलं नाही." आणि मी म्हणाले, "हो ना, अक्का." खोक्याला दोरी बांधत म्हणाले.

आता त्या सभेचं.

शाळेच्या मोठ्या वर्गाचा आता हॉल झालाय, तिथेच सभा होती. अण्णा तिसऱ्या रांगेत बसले होते. मी त्यांना येऊ नका म्हणून निरोप पाठवला होता, तरी आले. इतकी वर्षं एकही सभा चुकवली नव्हती. मागून कुणीतरी विचारलं, "शाळा बंद झाली तेव्हा तुम्ही सेक्रेटरी होता. तुम्ही काय केलंत?" मला म्हणता आलं असतं की तो निर्णय बरोबर होता. आज तिथे अडतीस मुली राहतात, म्हणता आलं असतं. काही न बोलता पुढच्या प्रश्नावर जाता आलं असतं. त्यांनी नाव घेऊ नको म्हटलं होतं, आणि नाव न घेणं मला पुरलं असतं.

मी म्हणाले, "मी विरोध केला होता. अण्णांनी कुणाचं ऐकलं नाही."

टाळ्या पडल्या. आधी पुढून, मग सगळीकडून. मी अण्णांकडे बघितलं नाही. टाळ्या थांबल्यावर मागून हर्षिता उभी राहिली. आता ती नर्स आहे, हॉस्टेलचं तीच बघते. म्हणाली, "मला मत नाही. पण हे हॉस्टेल नसतं तर मी गावी परत गेले असते आणि माझं लग्न झालं असतं. अण्णांना असं बोलू नका." दोघातिघांनी तिला ओरडून खाली बसवलं. मी स्टेजवर होते, माइक माझ्या हातात होता.

सभा संपल्यावर अण्णांनी हर्षिताच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्याजवळ आले. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. "येतो," म्हणाले आणि रिक्षा बघायला बाहेर गेले.

ज्या हॉस्टेलचा फोटो छापून मी मतं मागितली, ते उभं करणाऱ्याला मी भर सभेत परकं केलं. आणि ते उभं करण्यातला माझा वाटाही नाकारला. जाणाऱ्याचं ओझं मी का उचलावं, असं गुरुवारी लिहिलंय मी. अक्का, ते ओझं माझंच होतं. चार वर्षं अण्णा ते वाहत होते.

मेच्या शेवटी त्यांना धाप लागायला लागली. येलहंक्यातल्या दवाखान्यात ठेवलं. मी तिसऱ्या दिवशी गेले, यशोवर्धन औषधं आणायला गेला होता. नाकाला नळी, पण बोलत होते. मी म्हणाले, "अण्णा, मी सभेत खोटं बोलले."

"मी तिथेच होतो की," ते म्हणाले. हसले पण.

"अक्कांना आता तरी सांगू द्या. मी आज संडूरला जाते, त्यांना घेऊन येते."

त्यांनी मान हलवली. "नको. माझ्यावर रागावली तरी मी तिचा भाऊच राहतो. तुझ्यावर रागावली तर तिला माहेरचं म्हणायला कोण उरेल? तुझी पत्रं येतात, तेवढंच आहे तिला. ते तोडू नकोस."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "स्वतःहून येईल, म्हणतेस?"

मी "येतील" म्हणाले.

त्यानंतर मी रोज जात होते. बाहेर चपलांचा आवाज आला की ते मान वळवायचे. नर्स असायची, नाहीतर शेजारच्या खाटेची माणसं. मग मान पुन्हा भिंतीकडे. असं आठ दिवस चाललं. संडूर सहा तासांवर आहे. एका दिवसात मी तुम्हाला घेऊन आले असते. त्यांनी नको म्हटलं म्हणून गेले नाही, असं मी स्वतःला सांगत राहिले. पण ते तसं नव्हतं. त्यांचं "नको" मला सोयीचं होतं.

अकरा जूनला दुपारी तीनपर्यंत सगळे दाराकडे बघत होते तेव्हा, त्या हॉलमध्ये मला एकटीला माहीत होतं की तुम्ही खरं कुणामुळे आला नाहीत. आणि तुम्हाला यायला हवं होतं, तुमचा राग चुकीच्या माणसावर होता, हेही मला एकटीलाच माहीत होतं.

काल सर्वसाधारण सभेत मी हे सगळं सांगितलं. दवाखान्यातलं सोडून. ते फक्त तुमचं आहे. राजीनामा लिहून नेला होता, तो टेबलावर ठेवला. पिराजी उभा राहून ओरडत होता, पण राजीनामा समोर दिसल्यावर त्याला काय ओरडावं ते कळेना. कुणी म्हणालं, माणूस गेला, आता कशाला उकरून काढता? पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "आम्ही त्यांना काय काय बोललो गं." हर्षिता दाराशी उभी होती. मी तिच्याजवळ गेले तर ती म्हणाली, "आता सांगून काय, मॅडम? तेव्हा माइक तुमच्या हातात होता."

दोन महिन्यांत पुन्हा निवडणूक होईल आणि पिराजी येईल. हॉस्टेलचं तो काय करेल, सांगता येत नाही. अण्णा म्हणाले होते, निवडून ये आणि हॉस्टेल सांभाळ. खरं बोलून मी तेही सोडून दिलं. नंदकिशोर कालपासून माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचंही चूक नाही.

दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत तुम्हाला हे पोचावं म्हणून आजच स्पीडपोस्ट करते. क्षमा मागत नाही. मागितली तर तुम्ही द्याल, तुमचा स्वभाव मला माहीत आहे, आणि मग ती घेऊन मी मोकळी होईन. तशी मोकळी होण्याचा मला अधिकार नाही.

एकच करा. यशोवर्धनला फोन करा. ऐकू आलं नाही तरी करा. तो तुमचा आवाज ऐकेल.

या पत्राचं उत्तर आलं नाही तर मी समजेन. अण्णांनी जे तोडू नको म्हटलं होतं, ते मी आज माझ्या हाताने तोडलं. पण तुमच्या भावावरचा तुमचा राग मी ठेवून घेऊ शकत नाही. तो माझा आहे, मला द्या.

तुमची म्हणवून घ्यायचा हक्क गमावलेली,
भव्या