दुपारी दोनचा रकाना

३ नोव्हेंबर
आले एकदाची. रोह्याबाहेरचं हे नर्सेसचं व्यसनमुक्ती केंद्र वाटलं होतं तसं तुरुंगासारखं नाही. दाराशी जास्वंद, जेवणात वालाचं बिरडं. नव्वद दिवस काढले की निलंबित नोंदणी परत मिळेल. मध्येच निघून गेले तर ती कायमची रद्द. प्रमुख अनसूयाताई म्हणजे जुन्या मेट्रन. प्रत्येकीने आपला चार्ट दर दोन तासांनी आपणच भरायचा, असा त्यांचा शिरस्ता. मला हसू आलं. चार्ट भरण्यात माझा हात कोण धरणार?

९ नोव्हेंबर
आज सगळ्यांसमोर कबूल केलं. पेणच्या दवाखान्यात पुतळीबाईंचं वेदनाशामक इंजेक्शन मी स्वतःला टोचून घ्यायचे आणि ड्युटीवर येताच त्यांचा दिवसभराचा चार्ट लिहून मोकळी व्हायचे: ‘वेदना नाही. शांत झोप.’ असं आगाऊ भरणं आम्हा नर्सेसच्या अंगवळणी पडलेलं. मिठागरात जन्म काढलेली बाई, ‘बाय, लय दुखतंय गो,’ म्हणत राहायची. डॉक्टर चार्ट बघून पुढे जायचे. तिसऱ्या दिवशी ती गेली. मला स्वतःची शिसारी येते.

१४ नोव्हेंबर
सकाळी चार्ट उघडला तर संध्याकाळपर्यंत भरलेला. अक्षर माझंच. सवयीने लिहिला असेन, पण आठवत नाही. दोनच्या रकान्यात नाडी ७२ होती. दोन वाजता मोजली. ७२च.

१७ नोव्हेंबर
पोटात सुरी फिरवल्यासारखं दुखतंय. अनसूयाताईंनी चार्टवरचं ‘वेदना नाही’ वाचलं आणि पुढे गेल्या. ते मी खोडलं होतं. दोनदा खोडलं होतं.

१८ नोव्हेंबर
नोंदणी गेली खड्ड्यात. पिशवी घेऊन फाटकावर गेले. वॉचमन जगनच्या हातात माझा चार्ट. त्याने एका ओळीवर बोट ठेवलं: ‘रुग्ण खाटेवर.’ मी समोर उभी, आणि तो म्हणतो, मॅडम, तुम्ही आत झोपल्या हाय. मग मी खाटेवरच होते. कशी आले—

१९ नोव्हेंबर
ओरडले. कोणी वळलं नाही. चार्टमध्ये लिहिलंय— ‘बोलत नाही’.

२० नोव्हेंबर
दोनच्या रकान्यात ‘हालचाल नाही’. पावणेदोन झालेत. पाय गेले— डावा हातही— अनसूयाताई आल्या, चार्ट बघून गेल्या. हे कोणी वाचलं तर— चार्ट खोटा आहे, मला दुखतंय, मी अजून