सहा तासांचा बद्रीनाथ

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
मंगळवार, सकाळ

सर्जेराव यांस फुलंब्री मुक्कामी दाजींचा सप्रेम नमस्कार. तुमचे गुडघे आणि म्हशी ठीक असतील असं धरून चालतो, कारण चार वर्षांत विचारलेलं नाही. फोन आधी कुणी करायचा हा वाद मिटलेला नाही, म्हणून हे पत्र रामकिसन दूधवाल्याच्या हाती देतोय.

काल माझी स्मरणशक्ती सहा तास रजेवर गेली. पुढचं सगळं तुमच्या बहिणीकडून ऐकलेलं. मी तिथं हजर होतो, पण साक्षीदार म्हणून माझा उपयोग शून्य. थंड पाण्यानं अंघोळ करून (गिझरची दुरुस्ती मीच टाळलेली) बाहेर आलो आणि सुलेखाला वार विचारला. ती म्हणाली, सोमवार. दोन मिनिटांनी पुन्हा विचारला. पाचव्यांदा विचारल्यावर तिनं गॅस बंद केला आणि रिक्षा बोलावली.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी मला तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. सुलेखानं तीस वर्षं चौथीचा वर्ग सांभाळला, कुणाला कॉपी करू दिली नाही. पण नवरा नापास होतोय हे तिला बघवेना. मागून हळूच उत्तरं सांगितली. तीनपैकी तीन! डॉक्टरबाई चक्रावल्या. मग तिला बाहेर बसवून पुन्हा विचारलं, तर शब्द सोडाच, परीक्षा झाल्याचंही मला आठवेना. मग करदोडा काढून एमआरआय. मेंदूचा फोटो स्वच्छ आला. बाई म्हणाल्या, हा प्रकार बहुधा निरुपद्रवी आहे, पण आठवणी साठतात त्या जागी खसखशीएवढा ठिपका एक-दोन दिवसांनी उमटतो, तो दिसला की निदान पक्कं. म्हणून उद्या पुन्हा फोटो. सध्या आमच्या घरात मेंदूवर डाग निघावा म्हणून गणपतीला साकडं घातलेलं आहे.

त्या सहा तासांत गेली चार वर्षंही पुसली गेली होती. मी सारखा म्हणायचो, "सर्जेरावला फोन लाव, मोनिकाच्या लग्नाची तयारी कुठवर आली?" सुलेखा सांगायची की भाचीचं लग्न कधीच झालं, घरच्या जावयाच्या आधी सरपंचाला फेटा बांधला म्हणून मी न जेवता उठलो, तेव्हापासून बोलणं बंद. (माझा मान राखायला तीही माहेरी गेलेली नाही.) दरवेळी मी थक्क. "फेट्यापायी? म्या? नाय गं, मी असा नाय." असं चौदा वेळा. पंधराव्या वेळी तिनं सांगून टाकलं, "सर्जेराव निघालाय फुलंब्रीहून." तेव्हा कुठं मी शांत झोपलो.

संध्याकाळी उठलो तेव्हा सगळं जागेवर होतं, फेट्यासकट.

तुमचा दाजी,
बद्रीनाथ

ता. क. चूक तुमचीच होती. लख्ख आठवतंय.

ता. क. २. ते सहा तास मात्र परत येणार नाहीत म्हणे. त्यातला बद्रीनाथ जास्त बरा माणूस होता, असं सुलेखाचं मत पडलं.

ता. क. ३. उद्या अकरा वाजता मी पाऊण तास त्या मशीनमध्ये असेन. काल ती बाहेर बाकावर एकटीच बसली होती. रडली नाही. माझ्यासमोर ती रडत नाही, धाकट्या भावासमोर रडेल. माझ्यासाठी येऊ नका. तिच्याशेजारी बसायला या.