न फुगणारं दार

९ जुलै
आजही बाईंचं दार अडकलं! मधल्या भिंतीवर थापा — "शेजारी, या हो, कोंडली गेले!" बाहेरून खांदा लावला, उघडलं. बाई निवृत्त शिक्षिका, एकट्याच राहतात. हवा दमट झाली की त्यांचं दार फुगतं आणि मला बोलावणं येतं.
"कारखान्यातून थेट आलात ना? सिरक्याची बरणी अंगावर सांडल्यासारखा वास मारताय!"
मग चहा. ही गेल्यापासून कामाखेरीज माझ्याशी बोलणारं तेवढंच माणूस.

१२ जुलै
बाईंना नवीन दार करायचंय. "तुमच्या कारखान्यातलं ते न फुगणारं लाकूड मिळेल का?"
"बघतो," म्हणालो. चहा मात्र हळूहळू संपवला.

१५ जुलै
मुकादम म्हणाला, "न फुगणाऱ्या लाकडाच्या डाग पडलेल्या फळ्या आहेत, ने खुशाल."
वाळवलेलं लाकूड आम्ही बंद टाकीत घालतो, आतली हवा ओढून घेतो, मग ते सिरक्याच्या वासाचं औषध जिरवून तापवतो. त्यानंतर त्याला पाण्याची तहानच राहत नाही. आज तपासणीसाठी पाण्यात ठेवलेल्या तुकड्यांची जाडी मोजली — साधा टम्म फुगलेला, औषधाचा जसाच्या तसा.
शेजारीच साध्या फळ्या पडल्या होत्या. त्या दिल्या तर? बाईंना काय कळणार! दार अडकत राहील, मी जात राहीन.
लाज वाटली. विचार मात्र गेला नाही.

१६ जुलै
सकाळी देवापुढे बसलो. डोळे मिटले की आतून दार ओढणाऱ्या बाईच दिसायच्या. मी कामावर असताना त्यांना काही झालं तर?
उठलो. औषधाच्याच फळ्या सुताराकडे टाकल्या.

२१ जुलै
दार बसलं. बाईंनी एका बोटाने पुन्हा पुन्हा उघडून दाखवलं — लहान मुलीसारखं!
"सुटले बाई! आता तुम्हाला त्रास नाही."
त्रास!

३० जुलै
आठवडाभर झड. जाता-येता बघतो, दार केसभर फुगलेलं नाही. काम चोख झालं.
भिंत गप्प. चहा केला, अर्धा ओतून दिला.

३ ऑगस्ट
बाईंची कडी वाजवली.
"काय काम काढलंत?"
"काही नाही." मान वर होईना.
त्यांनी दार सताड उघडलं. मग बाजूला झाल्या. "या की आत! विनाकारण कुणी येऊन किती वर्षं झाली..."